पाऊल उचलायला दोन किलो

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र आणि सोबतचं रेखाटन, दोन्ही नीट पाहिलं. लुळं पाऊल उचलून धरणारी पट्टी तुला स्वतःच बनवायची आहे, आणि रेखाटनात तिला मोटर, सेन्सर, कमरेला बॅटरी. रेखाटन सुरेख आहे, पण तूर्त ते बाजूला ठेव. का, ते आकड्यांनीच सांगतो.

अपघातात गुडघ्याखालची नस दुखावली, दीड वर्ष झालं, पाऊल वर उचलत नाही, पोटरीत मात्र जोर आहे आणि गुडघा ठणठणीत आहे, असं तू लिहिलं आहेस. म्हणजे तुझ्या चालीतलं एकच काम बंद पडलंय. पाय हवेतून पुढे जाताना चवडा वर धरायचा आणि टाच टेकली की पाऊल अलगद खाली सोडायचं, एवढंच. हे काम होत नाही म्हणून चवडा जमिनीला घासतो, तो घासू नये म्हणून तू गुडघा नको तितका वर उचलतोस, आणि टाच टेकल्याबरोबर पाऊल फटकन आपटतं. पट्टीनं हे एवढंच काम करायचं. ती जे जे जास्तीचं करील त्याची किंमत गुडघा, कातडी किंवा जिना यांपैकी कुणीतरी मोजेल.

आता हिशेब. माणसाच्या एका पावलाचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण दीड टक्का असतं. तुझं वजन ६० किलो, तर पाऊल ८५० ग्रॅमच्या आसपास. बूट ४०० ग्रॅम धर. पावलाचा गुरुत्वमध्य घोट्याच्या सांध्यापुढे सहा-सात सेंटिमीटरवर येतो. गुणाकार केलास तर पाऊल सपाट धरून ठेवायला जेमतेम पाऊण न्यूटन-मीटर (सांध्याभोवती फिरवणाऱ्या जोराचं माप) लागतात. चालताना पाय झोकात पुढे येतो, त्या हिसक्यासाठी दुप्पट धर, म्हणजे दीड. बुटाच्या नाडीपासून घोट्यावरच्या पट्ट्यापर्यंत जाणारी ओढ सांध्यापासून काटकोनात मोजली तर साधारण आठ सेंटिमीटरवर असते. दीड भागिले ०.०८, म्हणजे १९ न्यूटन. बाजारच्या भाषेत दोन किलोचा ताण. एवढ्यासाठी मोटर कशाला? पाय हवेत असतो तो वेळ जेमतेम ०.४ सेकंद, तेवढ्यात मोटरनं ओळखायचं, ओढायचं आणि सोडायचं. शिवाय तिचं वजन पायाच्या टोकाला पडणार, जिथलं प्रत्येक ग्रॅम कमरेवरच्या ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त दमवतं.

विजेच्या झटक्यानं पाऊल उचलणाऱ्या यंत्राबद्दलही तू विचारलंस. टाचेखाली बटण आणि नसेवर विद्युतप्रवाह ही कल्पना लिबरसन नावाच्या डॉक्टरनं १९६१ मध्ये मांडली. अर्धांगवायूत ती चालते, कारण तिथे बिघाड मेंदूत असतो आणि पायातली नस शाबूत असते. तुझी नसच तुटली किंवा चेंगरली आहे, त्यामुळे तिला झटका देऊन स्नायू हलणार नाही. त्या वाटेला जाऊ नकोस.

काही शिवायच्या आधी तीन चाचण्या कर.

पहिली, पोटरीची. जमिनीवर पाय लांब करून बस, गुडघा सरळ ठेव आणि दुसऱ्या कुणाला तरी चवडा हातानं नडगीकडे ढकलायला सांग. पाऊल काटकोनाच्या पुढे आणखी दहा अंश गेलं तर उत्तम. काटकोनापर्यंतही येत नसेल तर पोटरी आखडली आहे, आणि मग कुठलीही पट्टी उपयोगाची नाही. पट्टी ओढत राहील, पाऊल यायचं नाही, टाच बुटातून वर निघेल आणि चवड्याला फोड येईल. आधी फिजिओथेरपिस्टकडून ताणाचे व्यायाम. याशिवाय अस्थिव्यंग शल्यचिकित्सकाला, म्हणजे हाडांच्या सर्जनला, एक प्रश्न विचार: पावलाला आत ओढणारा, अजून जिवंत असलेला स्नायू पुढे वळवून बसवायची शस्त्रक्रिया माझ्यासाठी योग्य आहे का? कुष्ठरोगात पाऊल लुळं पडलेल्या रुग्णांवर ती आपल्या देशात पूर्वापार होत आली आहे. दीड वर्ष उलटून गेल्यावर हा प्रश्न पुढे ढकलू नये.

दुसरी, कातडीची. डोळे मिटून बस आणि कुणाला तरी कापसाच्या टोकानं पावलाच्या वरच्या बाजूला, नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्या बेचक्यात स्पर्श करायला सांग. जी नस पाऊल उचलते तीच या भागाची जाणीव वाहून नेते. म्हणजे पट्टा जिथे बसणार नेमका तोच भाग तुला नीट कळत नाही. काचत असेल तर दुखणार नाही, जखम झाल्यावरच दिसेल. म्हणून ‘आरामशीर वाटतंय’ हा निकष तुझ्या बाबतीत बाद. तुझ्यापुरता निकष डोळे आणि घड्याळ. पट्टी काढल्यावर उमटलेला लाल वळ २०-३० मिनिटांत गेला पाहिजे. राहिला तर तिथे दाब जास्त आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास घाल, काढ, पाहा. दुसऱ्या दिवशी एक तास. पूर्ण दिवसापर्यंत यायला आठवडा-दीड आठवडा लागू दे.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला एक लोंबता डिजिटल काटा पुरतो, प्रवासाच्या बॅगा तोलायचा. टेबलाच्या कडेला पाय लोंबते सोडून, बूट घालून बस. काट्याचा हूक बुटाच्या नाडीत, पुढून दुसऱ्या-तिसऱ्या भोकाजवळ अडकव आणि नडगीच्या खालच्या टोकाच्या दिशेनं ओढ. बुटाचा तळ जमिनीशी समांतर झाला की वाचन घे. वर केलेला हिशेब बरोबर असेल तर एक किलोच्या आसपास येईल. त्याची दुप्पट ही तुझ्या पट्टीची ओढ. काटा तीन-चार किलो दाखवू लागला तर पट्टीचा विचार थांबव आणि पहिल्या चाचणीकडे परत जा.

आता पहिली पट्टी. साहित्य: ५० मिलिमीटर रुंद नायलॉन किंवा पॉलिस्टरचा पट्टा, घोट्याच्या घेरापेक्षा १५ सेंटिमीटर जास्त, ५ मिलिमीटर जाडीची ईव्हीए फोमची (चपलांच्या तळाला असतो तसला हलका, मऊ फोम) पट्टी अस्तराला, ५० मिलिमीटर वेल्क्रो, एक स्टीलची चौकोनी कडी, ४० मिलिमीटर रुंद चांगलं इलॅस्टिक अर्धा मीटर, दोन लहान हूक. सुती नवार घेऊ नकोस. पावसाळ्यात ती पाणी पिते, फुगते आणि सुन्न कातडी ओली राहून पांढरी पडते. ईव्हीए पाणी शोषत नाही.

पट्टा घोट्याच्या दोन्ही हाडांच्या लगेच वर, पायाच्या सगळ्यात बारीक भागावर बसवायचा. नवशिके तो पोटरीवर चढवतात, लांबून ओढलं की जोर चांगला मिळेल म्हणून. पोटरी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे प्रत्येक पावलाला पट्टा खाली घसरतो, मग माणूस तो आवळतो आणि आवळलेला पट्टा रक्त अडवतो. घोट्याच्या हाडांवर टेकलेल्या पट्ट्याला खाली जायला जागाच नसते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला गोटीसारखं हाड हाताला लागतं ना, त्याच्या मानेला वळसा घालूनच तुझी ती नस खाली उतरते. पट्टी कुठलीही असो, तिची वरची कड त्या गोटीच्या किमान दोन-अडीच सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. नस भरून येण्याची जी काही आशा शिल्लक असेल ती तिथे आवळून घालवू नकोस. तासन् तास उकिडवं बसणं किंवा पायावर पाय टाकून बसणं याच जागी दाब देतं, तेही टाळ.

कडी कुठे शिवायची याला महत्त्व आहे. आपण जेवायला मांडी घालून बसतो आणि बाहेरचा घोटा जमिनीवर टेकतो. बाहेरच्या बाजूची कडी तुला टोचलेली कळणार नाही, पण कातडीत रुतेल. म्हणून कडी पुढे, किंचित आतल्या अंगाला. वेल्क्रो कडीतून घालून मागे दुमडून चिकटव. त्यामुळे त्याच्यावरचा ताण निम्मा होतो. चिकटण्याची लांबी किमान पाच सेंटिमीटर. खरखरीत बाजू कातडीकडे कधीही नको. शिवण बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्यानं, चौकोनात फुली अशी मारून घे. साधी एक ओळ उसवते.

इलॅस्टिक एक घ्यायचं की दोन? दोन, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, आणि बाहेरची जास्त ताठ. सोप्या पट्ट्या इथेच फसतात. तुझ्या नसेनं पाऊल उचलणारे स्नायू जसे गमावले तसे पावलाची बाहेरची कड उचलणारेही गमावले. चवडा मधोमध ओढलास तर पाऊल वर येतं खरं, पण आत कलंडलेलं येतं, बाहेरच्या कडेवर टेकतं आणि घोटा मुरगळतो. म्हणून एक हूक करंगळीच्या रेषेतल्या नाडीच्या भोकात आणि दुसरा अंगठ्याच्या बाजूला. हूक थेट नाडीला लावले तर नाडी कापते. नाडीखाली चामड्याची तीन बाय सहा सेंटिमीटरची जीभ घाल, तिला आयलेट (भोकाची धातूची कडी) ठोकून घे आणि हूक तिथे अडकव. मोच्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

इलॅस्टिकची लांबी अंदाजानं कापू नकोस. काट्याला टांगून दोन किलोला ते किती ताणतं ते पाहा; दोन इलॅस्टिकांत वाटणी करायची तर बाहेरच्याला सव्वा किलो, आतल्याला पाऊण. ताणलेली लांबी म्हणजे पाऊल काटकोनात असताना हुकापासून कडीपर्यंतचं अंतर. तिथून उलट हिशेब करून सैल लांबी काढ. दिवसाला पाच हजार पावलं चालत असशील तर या पायाची अडीच हजार. महिन्याला ७५ हजार वेळा ते ताणलं जाणार. दर पंधरा दिवसांनी काट्यावर तपासून आकडा लिहून ठेव. दोनाचा दीड किलो झाला की बदल.

कुणी म्हणेल, इलॅस्टिकऐवजी न ताणणारा पट्टा लाव, जास्त टिकेल. टिकेल, पण गुडघा खाईल. टाच टेकल्यावर पाऊल खाली यायला जागा मिळाली नाही तर सगळा पायच टाचेवर पुढे ढकलला जातो आणि गुडघा हिसक्यानं वाकतो. उतारावर आणि जिना उतरताना हे सगळ्यात धोक्याचं. इलॅस्टिक हळूहळू सोडतं, म्हणून फटका बसत नाही आणि गुडघाही ढकलला जात नाही. त्याचा आणखी एक गुण आपल्याकडे फार मोलाचा आहे: उकिडवं बसताना नडगी पुढे झुकते आणि इलॅस्टिक आपोआप सैल पडतं. भारतीय पद्धतीच्या संडासात ते आड येत नाही. मागून आधार देणारी प्लास्टिकची पट्टी मात्र तिथे विरोध करते.

घरात तू अनवाणीच असणार. त्यासाठी चवड्याला वेगळा पट्टा लागतो: बोटांच्या मुळाशी तळव्याला जी उंचवट्यांची रांग आहे तिच्या लगेच मागे, ४ सेंटिमीटर रुंद, आतून ईव्हीए. रुंदी कमी करू नकोस. तोच दोन किलोचा ताण १ सेंटिमीटरच्या दोरीवर आला तर कातडीवरचा दाब चौपट होतो.

‘आपण बसतो-चालतो कसे’ हा प्रश्न किती पुढे नेतो याचं उदाहरण जयपूर फूट. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरला १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला, कारण परदेशी कृत्रिम पाऊल बुटाशिवाय चालत नव्हतं आणि त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं. शेतात, चिखलात, अनवाणी चालणाऱ्या माणसापासून त्यांनी सुरुवात केली. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुझी पट्टी मांडी, उकिडवं, चप्पल आणि एसटीची उंच पायरी या चारांत पास झाली तर समज की नवं काही केलंस. बुटात घालायच्या चांगल्या पट्ट्या जगात ढिगानं आहेत.

दुसरी पट्टी, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, पोटरीमागून टाचेखाली जाणारी, ही घरी करायची गोष्ट नाही. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. अशा ठिकाणच्या किंवा तुझ्या जिल्ह्याच्या ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे अशा आधारपट्ट्या बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जा. पण तिथे काय चाललंय ते तुला कळलं पाहिजे, नाहीतर सांगता येणार नाही. प्लास्टरचा साचा घेताना पाऊल काटकोनात आणि टाच सरळ हवी, आत-बाहेर कललेली नको. घोट्याची हाडं आणि ती गोटी न पुसणाऱ्या पेन्सिलीनं खुणावून घेतात; ती खूण साच्याच्या आत उमटते. मग त्यात प्लास्टर ओतून केलेल्या भरीव साच्यावर या हाडांच्या जागी तीन ते पाच मिलिमीटर प्लास्टर चढवतात, म्हणजे तयार पट्टी तिथे टेकत नाही. हे चढवणं विसरलं की दोन दिवसांत घोट्याला फोड. प्लास्टिक १८०-२०० अंश सेल्सिअसला तापवून साच्यावर ओढतात आणि हवा खेचून चिकटवतात. ते रात्रभर साच्यावरच थंड होऊ द्यायला सांग. घाईनं काढलं की मुरडतं.

जाडीबद्दल एक गणित लक्षात ठेव. सपाट पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ३ मिलिमीटरऐवजी ४ घेतलं तर जाडी एक तृतीयांशानं वाढली, ताठपणा २.३७ पट झाला. रुंदीचा परिणाम सौम्य, पण गोलाईचा जबर. सुताराची स्टीलची मोजपट्टी आडवी बाकदार असते म्हणूनच हवेत ताठ उभी राहते, आणि सपाट केलीस की लगेच लवते. घोट्यामागचा भाग जितका पुढे वळून घोट्याच्या हाडांना कवेत घेईल तितकी पट्टी ताठ. तुला ती लवचीक हवी आहे, म्हणून कड हाडांच्या मागे. छाटताना दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर, मग चालून बघ, मग पुढचे दोन. छाटलेलं परत लावता येत नाही. शेवटी कड पॉलिश करून घे. करवतीचा एक बारीक ओरखडा जरी कडेला राहिला तरी वर्षाच्या नऊ लाख वाकण्यांत तडा तिथूनच सुरू होतो.

टाचेच्या उंचीचा घोळ बहुतेकांना महिनोन् महिने कळत नाही. काटकोनात बनवलेली पट्टी एक सेंटिमीटर टाच असलेल्या बुटात घातली की नडगी साडेतीन अंश पुढे झुकते. बुटाला जमलेली तीच पट्टी सपाट चपलेत घातली की नडगी तितकीच मागे जाते आणि गुडघा मागे तटतो. ‘चपलेत गुडघा दुखतो’ ही तक्रार आली की आधी टाच मोज. उपाय अगदी साधा: चपलेला टाचेखाली रबराची पट्टी.

त्रिमितीय मुद्रणाचा (थ्रीडी प्रिंटिंगचा) मोह तुला होणारच. त्यात वापरलं जाणारं पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली पट्टी वाकडी होऊन हातात येईल. शिवाय थरांच्या रेषा वाकण्याच्या आडव्या आल्या तर तुकडा बिस्किटासारखा तुटतो, आणि तो तुटतो नेमका पाऊल टाकताना. मुद्रक हूक, साचे, मोजमापाच्या खुणा यांसाठी वापर. अंगाचा भार घेणाऱ्या भागासाठी नको. घोट्याला बिजागरी लावायचीच झाली तर तिचा अक्ष खऱ्या सांध्याच्या रेषेत हवा. एक सेंटिमीटर चुकला आणि घोटा २० अंश फिरला तर पट्टी कातडीवर साडेतीन मिलिमीटर घासते, दिवसातून अडीच हजार वेळा.

मोजल्याशिवाय सुधारणा झाली असं म्हणू नकोस. गच्चीवर १४ मीटरची रेघ आख, सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन मीटर सोडून मधल्या दहा मीटरना लागणारी वेळ घे. तीनदा पट्टीशिवाय, तीनदा पट्टीसह. मोबाइल घोट्याच्या उंचीवर, तीन मीटर लांब ठेवून संथगती चित्रण कर. बुटाच्या टोकाला खडू चोळ. खडू पुसला गेला तर चवडा अजून घासतोय. एका वेळी एकच गोष्ट बदल: ताण, हुकाची जागा किंवा टाच. दोन बदललेस की कशामुळे काय झालं ते कळत नाही. पहिले चार दिवस भिंतीच्या कडेनं आणि शेजारी कुणीतरी असताना. जिना पाचव्या दिवसानंतर, आणि आधी चढणं.

पेटंटबद्दल थोडक्यात. इलॅस्टिकनं पाऊल उचलणं जुनं आहे, त्यावर हक्क मिळणार नाही. कडीची एखादी खास जोडणी, मांडी घातल्यावर आपोआप बाजूला होणारा हूक, असं काही निघालं तर महाविद्यालयाच्या प्रदर्शनात मांडण्याआधी तात्पुरतं विवरण (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन) पेटंट कार्यालयात दाखल कर. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क १६०० रुपये आहे आणि संपूर्ण विवरणासाठी पुढे १२ महिने मिळतात. आधी दाखवलंस आणि मग अर्ज केलास तर तुझंच प्रदर्शन तुझ्या आड येईल.

या आठवड्यात फक्त काटा विकत आण. टेबलाच्या कडेला बसून तीन वेळा वाचन घे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून चवडा किती अंश वर येतो ते मोज, आणि पावलाचा कुठला भाग सुन्न आहे तो पायमोज्यावर पेनानं आखून त्याचा फोटो पाठव. हुकांची जागा त्या फोटोवरून ठरवू.

तुझा,
पायांचा हिशेब ठेवणारा एक म्हातारा